अ डबी, ब डबी

गणिताच्या सरांना ऐकीव गोष्टी पचत नसत. शिक्षकांच्या खोलीत सर्दीची साथ आली आणि जो तो म्हणू लागला, "व्हिटॅमिन सी घ्या, दोन दिवसांत ठणठणीत." सर म्हणाले, "नुसतं म्हणायचं कशाला? तपासूनच बघू. पंधरा दिवसांत सोक्षमोक्ष लावतो."

बेत चोख होता. शिंकणारे बारा जण. सहांना खऱ्या गोळ्या, सहांना तशाच दिसणाऱ्या लिमलेटच्या. सगळ्यांनी हौसेनं होकार दिला. कशात काय, हे सरांनाही कळू नये म्हणून डब्या भरायचं काम बायकोकडे. तिनं 'अ' आणि 'ब' लिहून डब्या हातात ठेवल्या.

सर मधल्या सुट्टीत वही घेऊन फिरू लागले. "आज शिंका किती? नाक वाहतंय की चोंदलंय?" चित्रकलेच्या बाई त्यांना बघितलं की रुमाल लपवायच्या.

शेवटी आकडे जुळले. 'अ'वाले सरासरी पाच दिवसांत बरे, 'ब'वाले आठ. सर हरखले. मुख्याध्यापिका त्याहून.

"उद्या पालकसभेत तुम्हीच सांगा. सगळ्या शाळेसाठी गोळ्या मागवू."

घरी येताच सरांनी विचारलं, "अ म्हणजे खऱ्या ना?"

बायको भाजी निवडायची थांबली. "अहो, दोन्हीत लिमलेटच होत्या."

"म्हणजे?"

"दुकानात व्हिटॅमिन संपलं होतं. तुमचा उत्साह बघून सांगवेना. म्हटलं, सर्दी काय, जाईल आपली आपण."

सरांनी वही पुन्हा उघडली. "मग पाच आणि आठ कुठून आले?"

त्यांनी डॉक्टर असलेल्या थोरल्या बहिणीला फोन लावला. ती पोटभर हसली. "अरे, बारा माणसांत एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. हे मी गणिताच्या मास्तरला सांगायचं? हजारोंवर प्रयोग झालेत. रोज घेणाऱ्यांची सर्दी जराशी लवकर ओसरते. झाल्यावर सुरू केलं तर ठळक फायदा दिसलेला नाही."

दुसऱ्या दिवशी सर पालकांसमोर उभे राहिले. कान लाल झाले होते, पण त्यांनी काही लपवलं नाही. लिमलेट, बारा माणसं, योगायोग, सगळं फळ्यावर मांडून समजावलं. पालक माना डोलावत होते. सरांना हायसं वाटलं.

"काही शंका?"

मागच्या बाकावरून एका आजोबांनी हात वर केला.

"सगळं पटलं, सर. फक्त त्या अ डबीतल्या लिमलेट कुठल्या दुकानातल्या, तेवढं सांगा."