सीलबंद जलपरी

वडूजचे निवृत्त सुभेदार आप्पासो यांनी आपल्या पत्नी रंगुबाई यांना खेळण्यासाठी एक पिनबॉल मशीन विकत घेतलं. घटना एवढीच. तिचं रूपांतर तालुक्याच्या आर्थिक प्रश्नात कसं झालं, हे सांगणं पुढं स्थापन झालेल्या मशीनमालकांच्या संघाचा सचिव या नात्यानं माझं कर्तव्य आहे. मी मानसिंग. दूध संस्थेतून निवृत्त झालो असून ठराव लिहिण्याचा मला दांडगा अनुभव आहे.

पिनबॉल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. कमरेएवढ्या उंचीचं, वर काच लावलेलं उतरतं टेबल असतं. स्प्रिंग ओढून सोडली की आतली पोलादी गोळी वर जाते, दिव्यांना धडकते, घंटा वाजवते आणि घरंगळत खाली येते. ती खालच्या भोकात पडू नये म्हणून दोन्ही बाजूंची बटणं दाबायची आणि आतल्या पात्यांनी तिला परत वर टोलवायचं. याचा उत्पादक उपयोग काही नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या रजेत आप्पासोंनी रंगुबाईंना पाचगणी दाखवायला नेलं होतं. तिथल्या एका खेळघरात ‘जलपरी’ नावाचं असं मशीन होतं. आप्पासोंची गोळी तीन टोल्यांत संपली. रंगुबाईंनी पदर खोचला आणि एका नाण्यात इतका वेळ गोळी खेळवली की शेवटची एसटी निघून गेली. खेळघराच्या मालकानं त्यांचा आकडा खडूनं भिंतीवर लिहिला. पुढं आप्पासो सीमेवर गेले, रंगुबाई ज्वारी आणि शेळ्यांत अडकल्या, खेळघर बंद पडलं. “येकदा परत हात फिरवायचा हाय,” हे रंगुबाईंचं म्हणणं मात्र तसंच राहिलं. आता तर संधिवातानं त्यांची बोटं आखडायला लागली होती. खेळायचं तर लवकर खेळायला हवं होतं.

अशात परदेशातली एक कंपनी जुनी जलपरी हुबेहूब नव्यानं बनवतेय, असं त्यांचा मुलगा रविराज याला मोबाईलवर दिसलं. आप्पासोंनी पेन्शनीतून बाजूला टाकलेली सगळी रक्कम काढली. काही महिन्यांनी टेम्पोतून एक भलीथोरली पुठ्ठ्याची पेटी दारात उतरली. रंगुबाईंनी तिला हळदकुंकू लावलं आणि टेप कापायला विळा उचलला.

“आयं, थांब! हात लावू नगंस!” रविराज ओरडला. तो बँकेत कर्जवसुलीला आहे, त्यामुळं वस्तूपेक्षा तिच्या किमतीवर त्याचा जास्त विश्वास. “न उघडलेल्या पेटीला दीडपट भाव हाय. आत्ताच बघितलं.”

“आरं, मग मी खेळायचं कशात?”

“दिवाळीपतूर थांब. भाव आजून वाढंल.”

“आन वाढला म्हंजी?”

“मग तर उघडायचीच न्हाई.”

भाव नक्की किती, हे कळावं म्हणून रविराजनं कोंडीबाला बोलावलं. कोंडीबा खिलार बैलांचे सौदे करणारा नावाजलेला दलाल. न वापरलेल्या वस्तूची किंमत करणारा दुसरा माणूस तालुक्यात नव्हता. त्यानं पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कोपरे चाचपले, पाठीवर थाप मारली.

“बैल चालवला की त्याची खोड कळती,” तो म्हणाला. “हिला चालवायचीच न्हाई म्हटल्यावर खोड निघतीया कुठनं? लय गुणी जनावर हाय.”

फलटणचे ऊस बागायतदार धैर्यशीलराव कोंडीबाकडं बैल बघायला आले होते, ते पेटी बघायला आले. कोंडीबानं बैलबाजारातल्यासारखा हातांवर रुमाल टाकला आणि भावासाठी दोघांची बोटं रुमालाखाली बोलू लागली. कोंडीबाचा चेहरा कोराच होता. धैर्यशीलरावांच्या कपाळावर घाम आला. आप्पासो मात्र म्हणाले, “इकायची न्हाई. आमच्या मंडळींसाठी घेतलीया.”

याच वाक्यानं घात केला. मालक विकत नाही म्हणजे आत काहीतरी आहे, असं पंचक्रोशीचं मत पडलं. ऊसवाल्यांनी पेट्या मागवल्या, सोनं गाळायला परमुलखात गेलेल्या विट्याच्या मंडळींनी मागवल्या, दोन निवृत्त मुख्याध्यापकांनी भागीत एक मागवली. धैर्यशीलरावांनी तीन घेतल्या. पिनबॉल म्हणजे काय हे यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यामुळं कुणाचं काही अडलं नाही. मीही मुलीच्या लग्नासाठीची ठेव मोडून एक घेतली. मुलीची हरकत नव्हती. तिला विचारलंच नव्हतं.

इतके मालक झाल्यावर संघ स्थापन होणं अटळ होतं. अध्यक्ष धैर्यशीलराव, सचिव मी. संघानं पेट्यांची प्रतवारी ठरवली: अस्पर्शित, अल्पस्पर्शित आणि खेळलेली. पेटी हलवायची नाही, तिच्यावर पापड वाळत घालायचे नाहीत, लहान मुलांना तिच्याजवळ ‘आत काय हाय’ असं विचारू द्यायचं नाही. उन्हाळ्यात टेप सुटतो असं निदर्शनास आल्यानं सर्वांनी पेटीच्या खोलीत एसी बसवले. आप्पासोंच्या घरी एसी बसण्यासारखी एकच खोली होती. तिथं पेटी गेली आणि नवराबायको ओसरीवर झोपू लागले. खंडेनवमीला तालुक्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली, तशी पेट्यांचीही झाली. बाकीची यंत्रं दुसऱ्या दिवशी कामाला लागली.

प्रत्येक सभेत रंगुबाई मागं बसून एकच प्रश्न विचारत. “कवा उघडायची?”

हा विषय पुढील सभेत घेण्याचं सर्वानुमते ठरे. दर सभेला त्यांची बोटं थोडी कमी मिटत, हे मला दिसत होतं. पण ते विषयपत्रिकेवर नव्हतं.

मग कंपनीनं घात केला. मागणी पाहून तिनं नव्यानं बनवलेली जलपरी पुन्हा नव्यानं बनवायचं जाहीर केलं. दिवे जास्त, किंमत कमी. आमचे भाव एका आठवड्यात कोसळले. संघानं तातडीनं ठराव केला की आमच्या पेट्या यापुढं ‘मूळ पुनर्निर्मित’ समजाव्यात आणि नंतरच्या ‘नक्कल पुनर्निर्मित’. ठराव मी लिहिला होता आणि तो निर्दोष होता. बाजारानं तो वाचला नाही.

तेव्हा उसाला आहे तसा सीलबंद पिनबॉललाही हमीभाव मिळावा, म्हणून आम्ही तहसील कचेरीवर मोर्चा नेला. तहसीलदार साहेब भला माणूस होता. त्यानं सगळ्यांना पाणी दिलं.

“हमीभाव माझ्या हातात नाही,” साहेब म्हणाला. “नुकसान झालं असेल तर पंचनामा करतो. माल दाखवा.”

“माल पेटीत आहे,” मी म्हणालो.

“मग पेटी उघडा.”

“उघडली तर माल राहत नाही, साहेब.”

साहेब उरलेलं पाणी स्वतः प्यायला आणि त्यानं तलाठ्याला पाठवलं. तलाठ्यानं घरोघर जाऊन प्रामाणिकपणे लिहिलं: ‘पेटी समक्ष पाहिली. आत मशीन असल्याचे मालक सांगतात. मालकाने ते पाहिलेले नाही.’

ही गोष्ट आजवर आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. चार दिवसांत फलटणपासून विट्यापर्यंत एकच चर्चा सुरू झाली, की पेट्यांत मशीन आहे की दगड? कोंडीबानं रुमाल घडी करून खिशात ठेवला. “झाकल्या बैलाला मी भाव करीन,” तो म्हणाला, “पर बैल हाय का न्हाई हेच ठावं न्हाई, तर बोटं कशाला मोडू गड्या?”

आप्पासोंच्या अंगणात विशेष सर्वसाधारण सभा भरली. सर्वांच्या हितासाठी एका सभासदानं आपली पेटी उघडून दाखवावी, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. कुणी, एवढाच तपशील राहिला. प्रत्येकानं शेजाऱ्याच्या त्यागी वृत्तीची तारीफ केली.

“अध्यक्षांकडं तीन हायत,” मागून कुणीतरी म्हणालं.

“तीनचा संच हाय,” धैर्यशीलराव म्हणाले. “एक उघडली तर संच फुटंल. सचिवांची बघा.”

सचिवानं तटस्थ राहायचं असतं, हे मी सभेच्या निदर्शनास आणून दिलं.

तेवढ्यात रंगुबाई उठल्या. “आमची उघडा.”

सूचनेला मी इतक्या झटकन अनुमोदन दिलं की सूचना आणि अनुमोदन एकदमच ऐकू आलं.

“आयं, जरा घराचा इचार कर,” चौघांनी पेटी उचलून अंगणात आणली तसा रविराज तिला पाठ लावून उभा राहिला.

“घराचाच करतीया. घरात निजाया जागा न्हाई.”

आप्पासोंनी इतके महिने मुलाचं ऐकलं होतं. ते उठले, आत गेले आणि विळा घेऊन आले. “रविराज,” ते म्हणाले, आणि मग सुभेदारी आवाजात हुकूम सुटला, “पीछे मुड!” रविराज कधी सैन्यात नव्हता, तरी वळला.

टेप कापल्याचा आवाज झाला तेव्हा दोन सभासदांनी डोळे मिटून घेतले. आत मशीनच होतं. अंगणात ‘हाय, हाय!’ अशी आनंदाची कुजबुज झाली. सभेचं काम खरं तर तिथंच संपलं होतं. पण आप्पासोंनी वायर जोडली आणि निळे दिवे लागले. काचेखाली हिरव्या शेपटीची जलपरी हसत होती. रंगुबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

पहिली गोळी गेली. बोटं वेळेवर मिटलीच नाहीत. दुसरीही गेली. आम्ही सगळे जमिनीकडं बघू लागलो.

“डावं बटण मी दाबू का?” आप्पासोंनी हळूच विचारलं.

“तुमी लांब व्हा. तुमची तीन टोल्यांत संपती.”

त्यांनी बोटांवर फुंकर मारली, पदर खोचला आणि स्प्रिंग ओढली. ती तिसरी गोळी खाली आली आणि वर गेली, खाली आली आणि वर गेली. घंटा वाजायला लागल्या त्या थांबेचनात. धैर्यशीलराव “आवं डावीकडं, डावीकडं!” असं ओरडत होते. मुख्याध्यापक खुर्चीवर उभे होते. गोळी एकदाची पडली तेव्हा विट्याच्या सभासदांची शेवटची एसटी गेलेली होती. रंगुबाई पोरीसारख्या हसत होत्या आणि आप्पासो मशीनऐवजी त्यांच्याकडंच बघत होते.

मग रांग लागली. मीही खेळलो. खरं सांगतो, इतकी मजा मला गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती. हे कामकाजात नोंदवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाव वर गेले. एकतर पेटीत मशीन असतं हे सिद्ध झालं होतं, आणि दुसरं म्हणजे सीलबंद पेट्यांत एक कमी झाली होती. आप्पासोंची पेटी ‘खेळलेली’ या वर्गात गेली. तिच्यासाठी कोंडीबानं रुमाल काढलादेखील नाही. लोक रविराजला भेटायला येऊ लागले. टोपी काढून बसत, मान हलवत, “झालं ते झालं, धीर धर,” म्हणत, आणि उठताना विचारत, “येक गोळी खेळू का?”

रंगुबाईंच्या त्यागाबद्दल संघानं शाल-श्रीफळ दिलं. शाल घेताना त्यांनी अध्यक्षांना विचारलं, “तुमची कवा उघडता?”

“दिवाळीनंतर बघू,” धैर्यशीलराव म्हणाले.

आता मशीन ओसरीवर असतं आणि नवराबायको परत खोलीत झोपतात. एसीखालच्या भिंतीवर आप्पासोंनी खडूनं एक आकडा लिहिलाय, तो रंगुबाई दर दोन-चार दिवसांनी पुसून नवा लिहायला लावतात. त्यांची बोटं पुष्कळ सुटली आहेत. मी रोज संध्याकाळी जातो. अध्यक्षही फलटणहून गाडी काढून येतात. “आपली कवा खेळायची, बाबा?” असं परवा मुलीनं विचारलं. आपली खेळायची नाही, असं मी तिला सांगितलं आणि घरच्या पेटीला टेपचा आणखी एक थर दिला.

संघ सध्या नवे सभासद करून घेत आहे. हसू नका, आपणही अर्ज करू शकता. पिनबॉल मशीन हवंच अशी अट नाही. आमची पाहणी समिती आपल्या घरी येईल, टीव्हीच्या रिमोटवर आणि गाडीच्या सीटवर दुकानातलं प्लास्टिक अजून आहे का ते बघेल आणि मग चहाला थांबेल. समोर काचेच्या कपाटात फुलाफुलांचा सेट बसलेला असताना चहा जर कान तुटलेल्या रोजच्या कपातून आला, तर सभासदत्व जागेवरच मंजूर होतं. आजवर एकही अर्ज फेटाळावा लागलेला नाही.