खुराड्यातला कोपरा

शालिकरामच्या कोंबड्या ओरडणं विसरल्या होत्या. नंदनवन वस्तीतल्या घरामागच्या खुराड्यात, वैशाखातल्या भर दुपारी, त्या पिसं फुलवून मान टाकून उभ्या राहत आणि सगळ्या एकाच कोपऱ्याकडे पाहत. त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. सकाळी एखादी मरून पडलेली सापडे, अंगावर साधा ओरखडाही नसे. शालिकरामच्या बायकोला, प्रेमिलाला, पाणी ठेवायला आत जायचीही भीती वाटू लागली.

शालिकरामला भीती वेगळीच होती. कोंबड्या गेल्या तर पुन्हा सासऱ्यांच्या पिठाच्या चक्कीवर उभं राहायचं. सासरे बोलत कमी आणि खोकत जास्त, पण जावयाबद्दलचं सगळं मत त्या खोकल्यात येई.

त्याने गुरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी कळमन्याच्या बाजारातून आणलेल्या मक्याच्या पोत्यात हात घातला आणि हिरवट दाणे त्याच्यापुढे धरले. मक्याला बुरशी लागलीय, तिचंच विष कोंबड्यांना भिनतंय, ते म्हणाले. हा मका फेका, कोरडा आणा, आणि विष उतरायला खाद्यात खमीर मिसळा.

तोवर प्रेमिलाने धोंडबा भगताला बोलावलं होतं. धोंडबाने त्या कोपऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बाई, ते तिथंच बसून हाये," तो हळूच म्हणाला.

उपाय म्हणून सगळा मका कोंबड्यांवरून ओवाळून टाकायचा ठरला. तो तिठ्यावर नेऊन टाकायचं काम धोंडबाने स्वतःकडे घेतलं. शिवाय खुराड्यात औषधाचा थेंबही जाऊ द्यायचा नाही, अशी ताकीद दिली. मका आयताच जातोय म्हणून शालिकराम गप्प राहिला. पोती धोंडबाच्या सायकलवरून गेली.

मग शालिकरामने नवा मका आणला. बेकरीतून गुपचूप खमीर आणून एका पिंपात गुळाच्या पाण्यात कालवलं, ते पिंप त्याच कोपऱ्यात ठेवलं, वर झाकण, झाकणावर दगड आणि गोणपाट. प्रेमिला तिकडे फिरकणार नाही, याची त्याला खात्री होती.

दुसऱ्या दुपारी ती पांढरीफटक पडून घरात आली. "अहो, त्या कोपऱ्यात कोणीतरी श्वास घेऊन राहिलं."

शालिकरामला सगळं ठाऊक होतं. तरीही कोंबड्यांना तिकडे एकटक पाहताना बघून त्याच्याही अंगावर काटा आला.

धोंडबा लिंबू आणि राख घेऊन हजर झाला. त्याने मंत्र सुरू करताच कोपऱ्यातून गुडगुड ऐकू आली. गोणपाट हळूहळू वर उचललं गेलं. दगड धपकन खाली पडला आणि पांढरा फेस सरपटत त्याच्या दिशेने निघाला. धोंडबा चपला तिथेच टाकून पळाला.

आता कबूल करणं भाग होतं. प्रेमिलाने फेसाचा वास घेतला. पावाचा वास होता.

"मले आधी काहून नाही सांगितलं?" एवढंच ती म्हणाली, पण दोन दिवस तिने नवऱ्याला चहा विचारला नाही.

हळूहळू कोंबड्या माती उकरू लागल्या, भांडू लागल्या. शालिकरामला तो गोंगाट भलताच गोड वाटला. पिंपातल्या खमिराची गोष्ट वस्तीभर झाली.

एका संध्याकाळी धोंडबा अनवाणीच दारात उभा राहिला. प्रेमिलाने त्याच्या चपला पुढे केल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"शालिकरामभाऊ, त्या पिंपातलं लोटाभर मलेबी द्या. माह्या कोंबड्यांनी माना टाकल्या."

"काहून गा? तुह्या कोंबड्यायले काय झालं?"

धोंडबा खाली मान घालून म्हणाला, "एवढा मका तिठ्यावर टाकवला नाही."

शालिकरामला हसू आवरेना. प्रेमिला मात्र हसली नाही. लोटा भरता भरता तिने विचारलं, "तुमच्या कोंबड्या कोणत्या कोपऱ्याकडं पाहून राहिल्या?"

धोंडबाने एकदा मागे वळून पाहिलं.

"माह्या खाटेकडं."