आर्लिस नक्की कुठल्या कोपऱ्यात?

राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पारखावा तर हॅडली ग्रोव्हमध्ये आर्लिस ट्वेटनेच, याबद्दल खुद्द आर्लिस ट्वेटच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. का असावी? आयोवा राज्य दर चार वर्षांनी देशाचं हेच तर काम करतं! बाकीचा देश कुशीवर वळून झोपलेला असतो, तेव्हा झाडून सगळे इच्छुक बर्फ तुडवत इथे येतात, मिळेल त्या घरात कॉफी पितात, बायकांनी केलेले लेमन बार, म्हणजे लिंबाच्या गोड वड्या, खाऊन डोळे मिटतात आणि डुकरांचा भाव पडला म्हणून हळहळतात. त्यातून चांगला कोण, हे आधी इथली माणसं ठरवतात. आणि इथली सगळी माणसं आर्लिसच्या पार्लरमध्ये येतात. गावात दुसरं पार्लर नाहीच!

"माणूस ओळखायचा तर त्याचं डोकं हातात घ्यावं लागतं," ती ऐटीत म्हणायची. "मी यंदाच्या तिन्ही उमेदवारांना जवळून पाहिलंय. तिघांचेही गुण मला ठाऊक, आणि दोषही!"

ते खरंच होतं. फक्त खुर्चीत कोण बसलंय त्यावर गुण सांगायचे की दोष, ते ठरायचं.

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी डार्लीन क्वाम गव्हर्नर प्रेंटिसवर जीव टाकायची. ती खुर्चीत टेकली की आर्लिस म्हणायची, "अगं, अनुभव म्हणजे काय, तो गव्हर्नरकडे बघून कळतो! नाहीतर तो मेयर! राष्ट्राध्यक्ष व्हायला आलाय की वर्गाचा मॉनिटर, तेच कळत नाही."

डार्लीन गेली की बुच रॅनी मान साफ करून घ्यायला यायचा. बुच म्हणजे गावच्या अग्निशमन दलाचा मुख्य. आवाज बंबासारखा, आणि गळ्यात सदैव मेयर सँटोरीच्या प्रचाराचा केशरी मफलर. "खरंय बुच," आर्लिस वस्तरा पुसत म्हणायची, "या देशाला तरुण रक्तच हवं. गव्हर्नर माणूस चांगला, पण वाक्य सुरू करतो आणि संपवायचं विसरतो. आमच्या गेलनला विचारलं, यंदा मका कसा? अरे, गेलन शाळेची बस चालवतो!"

आणि शनिवारी नोव्होटनी बाई. बाईंनी अर्ध्या गावाला इतिहास शिकवलेला, आर्लिसला तर दोनदा, कारण पहिल्या वर्षी ती नापास झाली होती. बाई सिनेटर क्विग्लीच्या. "बाई, तुमची सिनेटर म्हणजे हुशारीची खाण!" आर्लिस म्हणायची. पण हीच आर्लिस बुधवारी दुसऱ्या कुणाला सांगायची, "हुशार आहे गं, पण किती वाजले विचारलं तर घड्याळ कसं बनवतात ते सांगत बसते."

यात तिचा लबाडपणा नव्हता हो! समोरचा माणूस खुर्चीतून नाराज होऊन उठणार, या नुसत्या कल्पनेने ती त्याच्याच मनातलं बोलायला लागायची. आणि खरं सांगायचं तर तिला तिघांचेही गुण खरेच वाटायचे. दोषही खरेच वाटायचे. इथपर्यंत सगळं गोड चाललं होतं.

मग जानेवारी उजाडला आणि कॉकस, म्हणजे उमेदवार निवडायची सभा, जवळ आलं.

आता हे कॉकस म्हणजे पडद्याआड जाऊन गुपचूप शिक्का मारायची भानगड नव्हे. संध्याकाळी शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये अख्ख्या गावादेखत आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं! शेजारी बघतोय, मेव्हणा बघतोय, बाई बघताहेत! त्यात ज्या कोपऱ्यात माणसं कमी पडतील तो कोपरा बाद, आणि मग त्यांना ओढायला बाकीचे धावतात. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला आपल्या बाजूने दोन शब्द बोलणारं वजनदार माणूस लागतं.

सगळ्यात आधी डार्लीनने विचारलं. तिचं डोकं बेसिनमध्ये होतं, डोळ्यांत शाम्पू जात होता. "आर्लिस, आमच्या कोपऱ्यातून तूच बोल हं!" अशा अवस्थेतल्या बाईला नाही कसं म्हणणार? आर्लिस म्हणाली, "बघू की!" हॅडली ग्रोव्हमध्ये 'बघू की' म्हणजे 'हो'. तिथे साधं 'नाही' म्हणायलाही लोकांना तीन वाक्यं आणि एक माफी लागते.

दोन दिवसांनी बुचने विचारलं. विचारलं कसलं, जाहीर केलं! "तू आमच्याकडून बोलतेयस! मी सगळ्यांना सांगितलंय!" आर्लिस हसली. बुचने ते हसू खिशात घातलं आणि निघून गेला.

शनिवारी बाई म्हणाल्या, "आर्लिस, सिनेटरच्या बाजूने तू बोलशील. मुद्देसूद बोल. शाळेत बोलायचीस तसं नको."

"हो बाई," आर्लिसच्या तोंडून निघून गेलं. बाईंपुढे दुसरं काही निघायचंच नाही!

झालं! तिच्या दारातल्या बर्फाच्या ढिगात तीन उमेदवारांच्या तीन पाट्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. नवरा गेलन खिडकीतून बघत म्हणाला, "आपण यांच्यातल्या कुणाचे?"

"मला विचारू नकोस! मला जेवणसुद्धा जात नाहीये!"

"मग तो दालचिनीचा रोल मी खाऊ?"

गेलन तसा अबोल. तीस वर्षांच्या संसारात राजकारणावर त्याने काढलेला हा सगळ्यात मोठा उद्गार. आर्लिसने अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर लोळून विचार केला. आजारी पडावं? पण परवाच ती सगळ्यांना म्हणाली होती, की मरत असले तरी कॉकसला येईन. बहिणीकडे मिनेसोटाला पळावं? पण रस्ते बर्फाने बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

कॉकसच्या दिवशी सकाळीच डार्लीन केस रंगवायला आली. "आज टीव्हीवाले येणारेत म्हणे. छान तपकिरी कर. आणि तुझं भाषण पाठ झालं ना?"

भाषणाचं नाव निघालं आणि आर्लिसचं लक्षच उडालं. तिने कुठल्या नळीतला रंग कुठल्या वाटीत पिळला, तो किती वेळ ठेवला, कशाचा कशाला पत्ता नव्हता. डोकं धुतलं, टॉवेल काढला, आणि आरशात दोघींनी एकदमच पाहिलं.

केशरी! साधं नव्हे, लखलखीत केशरी! पिकलेल्या भोपळ्याने शरमावं असं केशरी! थेट बुचच्या मफलरचा रंग!

"आर्लिस," डार्लीन अगदी हळू आवाजात म्हणाली, "हा मेयरचा रंग आहे."

"अगं, उजेडात तसा दिसतोय! जरा... जरा ऊबदार छटा आलीय इतकंच!"

"मग दिवा बंद कर!"

दिवा बंद केला. अंधारातही तो रंग दिसत होता. लगेच दुसरा रंग चढवला तर केसच हातात येतील, हे आर्लिसने रडवेल्या आवाजात सांगितलं. डार्लीनने लोकरीची टोपी कानांखाली ओढली आणि दार आपटून गेली. तिच्या मनात काय आलं ते तिच्या पाठीवरूनही कळत होतं.

संध्याकाळी हॉल खचाखच भरला. ओल्या बुटांचा, कॉफीचा आणि गरम सूपचा वास. एका कोपऱ्यात गव्हर्नरवाले, दुसऱ्यात सिनेटरवाले, तिसऱ्यात मेयरवाले, आणि चौथ्यात कॉफीचं टेबल. आर्लिस दारातच खांबाला चिकटून उभी. तीन कोपऱ्यांतून तीन हात तिला बोलावत होते, आणि ती तिघांनाही हात हलवून दाखवत होती.

शाळेचे मुख्याध्यापक सभेचे अध्यक्ष होते. "आधी झेंड्याला वंदन करू," ते म्हणाले. सगळे ताठ उभे राहिले, पुरुषांनी टोप्या काढल्या, आणि त्यांचं बघून डार्लीननेही नकळत आपली लोकरीची टोपी उतरवली.

हॉलमध्ये जणू सूर्य उगवला!

"डार्लीन!" बुच बंबासारखा गरजला. "शेवटी आलीस आमच्यात! ये, ये, जागा करा रे!" मेयरच्या कोपऱ्यात टाळ्यांचा कडकडाट. टीव्हीवाल्याने कॅमेरा वळवला. गव्हर्नरच्या कोपऱ्यातल्या बायका डार्लीनपासून एकेक पाऊल मागे सरकल्या.

"मी गव्हर्नरचीच आहे!" डार्लीन किंचाळली. "हे त्या आर्लिसने केलंय! ती तुमची आहे ना, म्हणून!"

"आमची आहेच!" बुच म्हणाला. "ती आमच्याकडून बोलणारे!"

"तुमच्याकडून? तिने मला शब्द दिलाय!"

"एक मिनिट," नोव्होटनी बाई म्हणाल्या. त्या आवाजाला अख्खा हॉल गप्प झाला, कारण अर्ध्याहून जास्त लोकांना अजून वाटायचं की त्या बाकावर उभं करतील. "आर्लिस आमच्याकडून बोलणार आहे. आणि मेयर म्हणजे वर्गाचा मॉनिटर, हे तिचंच मत आहे."

"काय?" बुचचा चेहरा मफलरच्या रंगाचा झाला. "मला तर म्हणाली, तुमची सिनेटर घड्याळ बनवते!"

"घड्याळ?"

"आणि गव्हर्नर वाक्य संपवत नाही, असं कोण म्हणालं?" डार्लीनच्या मागून कुणीतरी विचारलं.

"आर्लिस!" तीन कोपऱ्यांतून एकदमच उत्तर आलं.

मग तर बांधच फुटला. जो तो आर्लिसचंच वाक्य दुसऱ्याच्या अंगावर फेकायला लागला. आर्लिस म्हणते हा तरुण आहे! आर्लिस म्हणते हा पोरकट आहे! हल्लाही तिचा, बचावही तिचा! ती खांबामागून सटकली आणि जिथे तोंड लपवायला काहीतरी होतं तिथे गेली, म्हणजे कॉफीच्या टेबलाशी. एक लेमन बार उचलून तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही!

"मिसेस ट्वेट," मुख्याध्यापक माईकवरून म्हणाले, "तुम्ही उभ्या आहात तो कोपरा 'अजून ठरलं नाही' वाल्यांचा आहे. तुम्ही तिकडून बोलणार का?"

कॅमेरा तिच्याकडे. डार्लीनचं ते जळतं डोकं तिच्याकडे. बाईंचा चष्मा तिच्याकडे. आर्लिसने लेमन बार गिळला. तो घशाखाली जाईपर्यंत तिला वाटलं, हॅडली ग्रोव्हमध्ये यापुढे आपल्या खुर्चीत कुणी बसणार नाही. गाव सोडावं लागणार. गेलनला दुसऱ्या गावात बस मिळेल का?

"मी..." तिने ओठांवरचा चुरा पुसला. "जे जे तुम्ही म्हणताय ते सगळं मी म्हटलंय. सगळं खरंच वाटतं मला. मेयर तरुण आहे आणि पोरकटही आहे. गव्हर्नर अनुभवी आहे आणि विसराळूही. गुण आणि दोष वेगळे काढायला बसले की एकाच भांड्यात दोन्ही सापडतात. एवढं सगळं तोललं, पण तराजू खाली ठेवायचं धैर्यच झालं नाही. कारण... कारण कुणी ना कुणी माझ्यावर रुसणार! डार्लीन, केस मुद्दाम नाही गं केले. भीतीने झाले."

मग मेयरच्या कोपऱ्यातून ऑर्व्हिल नावाचा एक म्हातारा शेतकरी खाकरला. "खरं सांगायचं तर," तो म्हणाला, "मी इथे बुचमुळे उभा आहे. मागच्या वर्षी त्याने माझ्या कोठाराला लागलेली आग विझवली." आणि तो काठी टेकत कॉफीच्या टेबलाकडे निघाला.

"ऑर्व्हिल!" बुच ओरडला.

"रागावू नकोस. बघू की."

त्याच्या पाठोपाठ सिनेटरच्या कोपऱ्यातल्या दोघी बहिणी आल्या, बाईंची नजर चुकवत. त्यांच्यामागे बेकरीवाला. कुणी बहिणीच्या धाकाने उभा होता, कुणी नवऱ्याच्या, कुणाला म्हणे कोपराच समजला नव्हता. बघता बघता कॉफीच्या टेबलाभोवती एवढी गर्दी झाली, की 'अजून ठरलं नाही' हा कोपरा मोजणीत चक्क पास झाला! आणि जिल्ह्याच्या सभेला त्यांची प्रतिनिधी म्हणून एकमताने कोण? आर्लिस! म्हणजे ज्याचं काही ठरलं नाही त्याच्या वतीने ठामपणे बोलायला!

बाई जवळ आल्या. आर्लिसने डोळे मिटून घेतले. "या वेळी पास," बाई म्हणाल्या आणि कॉफी ओतून घेतली.

डार्लीन निघताना म्हणाली, "परवा नऊला येते. आणि तोंड बंद ठेवून रंगव."

एवढं होऊनही आर्लिसच्या जिवाला एक नवाच घोर लागला होता. सगळ्या गडबडीत तिने गव्हर्नरच्या कोपऱ्यात पाहिलं, तेव्हा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, गंभीर चेहऱ्याने उभा होता गेलन! पहिल्यापासून शेवटपर्यंत! तीस वर्षं एका छपराखाली राहून आपल्या नवऱ्याचा उमेदवार आपल्याला ठाऊक नाही! आणि निकाल लागला तोही कसा? गव्हर्नर जिंकला, सिनेटरपेक्षा एका, फक्त एका माणसाने!

दोघं गाडीतून घरी निघाली. आर्लिसने मागच्या सीटवर कुणी नाही ना ते पाहून घेतलं.

"गेलन, तुला सांगते, पण कुणाला बोलू नकोस. मला सिनेटर आवडते. पहिल्यापासून. लांबण लावते, पण ती बाई विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते."

"मग जायचंस की तिकडे."

"कसं जाणार? मी गेले असते तर बरोबरी झाली असती!" तिला एकदम हुंदका आला. मग तिने घाबरत घाबरत विचारलं, "तू रागावलास? तुझा गव्हर्नर आहे ना? एवढ्या ठामपणे उभा होतास. मला फार अभिमान वाटला रे. काय पाहिलंस तू त्याच्यात?"

गेलनने वळणावर गाडी हळू केली, आरशात पाहिलं, पुन्हा वेग घेतला.

"कुणात? त्या भिंतीला हीटर होता."