हकीकत जिन्याखालच्या फटफटीची, डाव्या बाहीसह

फटफट चालू जाहली. रविवारी, भर दुपारी, समस्त मंडळींदेखत चालू जाहली आणि धाकट्यांची फत्ते जाहली. परंतु हे वाक्य आम्ही घाईने लिहून गेलो, सबब वाचणाराने ते वाचलेच नाही ऐसे समजावे; आम्हीही लिहिलेच नाही. फटफट बंद आहे. आठ महिने जिन्याखाली निपचित उभी आहे, सीटवर बोटभर धूळ आहे, डाव्या आरशात कोळी कुटुंबकबिल्यासह मुक्काम करून राहिला आहे. येथून वर्तमान सुरू होते, ते जैसे घडले तैसे लिहितो, एक हरफ पदरचा घालीत नाही. घातलाच तर तो शोभेल ऐसा घालितो.

घराण्याची माहिती ऐसी की, थोरले, म्हणजे धाकट्यांचे वडील, यांनी सदरहू फटफटीवर सव्वीस वर्षे कचेरीची चाकरी केली. मग त्यांच्या कंबरेने बंड केले, आणि डॉक्टरांनी मध्ये पडून तह घडविला, त्याचे पहिले कलम, दुचाकीवर बसू नये. मातोश्री शिवणकाम करीत, आणि त्यांच्या कात्रीचा दरारा ऐसा की, चार गल्ल्यांतील कापड त्यांचे नाव काढताच सरळ होई. थोरली कन्या, जिला ताई म्हणत, तिजपाशी हत्यार एकच, ती जीभ. परंतु धार बारमाही. आणि धाकटे, वय वर्षे बावीस, शिक्षण संपलेले, नोकरी लागणे चालू.

गुरुवारी जेवणाच्या वेळी थोरल्यांनी फर्मान काढिले की, जिन्याखालची जागा मातोश्रींच्या कटिंगच्या टेबलास दिली असे. रविवारी दुपारी ठीक बारास भंगारवाले हातगाडीसह हजर होतील. तत्पूर्वी फटफट चालू जाहल्यास ती फाटकापाशी उभी राहील, न जाहल्यास जाईल. यात कसूर होणार नाही. धाकट्यांनी हातातला घास खाली ठेविला आणि बोलिले की, मी करतो दुरुस्त. थोरले बोलिले की, मिस्त्रीकडे टाक. धाकटे बोलिले की, मिस्त्री कशाला, मी स्वतः करणार. त्यावर ताई वदली, "मागच्या महिन्यात तू बल्ब बदललास, तेव्हा पंखा बंद पडला होता. आठवतंय ना रे?"

धाकट्यांस आठवत होते. परंतु त्यांस दुसरेही काही आठवत होते. याच फटफटीच्या टाकीवर, थोरल्यांच्या दोन हातांच्या मधोमध बसून, वयाच्या चौथ्या वर्षी त्यांनी रस्ता पहिल्यांदा मागे पळताना पाहिला होता. हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते. आम्हांस ठाऊक आहे, कारण बखरकारास सर्व ठाऊक असते, पगार तेवढा ठाऊक नसतो.

शुक्रवारी सकाळी मोहिमेस आरंभ जाहला. यंत्रविद्येचे एक गुरू धाकट्यांच्या मोबाईलात राहत होते, त्यांस जिन्याच्या पायरीवर उभे केले, आणि नव्या ऑइलचा डबा बाजारातून आणविला, आणि बसावयास काही नव्हते म्हणून त्याच डब्यावर बैठक मारिली, आणि हत्यारे मांडिली, ती ऐसी: पाने तीन, पकड एक, हातोडी एक, आणि पेचकस एक, ज्याने पूर्वी रंगाचे डबे उघडले जात. गुरूंनी आज्ञा केली की, इंजिनाच्या पोटाखालचा बोल्ट डावीकडे फिरवून जुने ऑइल काढावे. धाकट्यांनी वरून ओणवे होऊन डावीकडे फिरविला. परंतु बोल्टाचे तोंड जमिनीकडे, त्याची डावी ती धाकट्यांची उजवी, सबब जो जो सोडविला तो तो आवळत गेला. मग पान्याच्या दांड्यास लोखंडी पाईप जोडिला आणि पाईपास स्वतः जोडिले गेले, तरी बोल्ट हटेना. दीड तास ऐसा घोर संग्राम जाहला. तेव्हा ताई जिना उतरता उतरता थांबली आणि वदली, "अरे, खाली झोपून बघ की एकदा. आवळतोयस तू."

धाकट्यांनी तिजकडे पाहिलेही नाही. ती गेल्यावर निजून पाहिले. बोल्ट मुकाट्याने सुटला.

आता ऑइल झेलावयास भांडे पाहिजे, ते आधी आणावे हा विचार मागाहून आला. हाताशी मातीची रिकामी कुंडी होती, तीच खाली सरकविली. कुंडीस बुडाशी भोक असते, हे ज्ञान जगात होते, परंतु त्या घटकेस धाकट्यांपाशी नव्हते. काळी फौज वरून कुंडीत उतरली आणि खालून बाहेर पडली, आणि फरशीवरून दौड मारून थोरल्यांच्या नव्या चपला तिने काबीज केल्या. मग धाकट्यांनी बोल्ट पुन्हा बसविला आणि आठवड्याची वर्तमानपत्रे खर्ची घालून सायंकाळपर्यंत फरशी पुसली, आणि ऑइलचे काम फत्ते ऐसे मनाशी नोंदवून त्या दिवसाची मोहीम आटोपती घेतली.

शनिवारी बाजूचे झाकण काढून हवेचा रस्ता साफ करण्याची मसलत ठरली. निघेल तो बोल्ट कुठे ठेवावा हा प्रश्न पडला, तेव्हा मातोश्रींचा बटणांचा कप्प्यांचा डबा रिकामा करून आणिला, आणि पहिल्या कप्प्यात पहिला, दुसऱ्यात दुसरा, ऐसे क्रमाने बोल्ट ठेवीत गेले. ही योजना खरोखर उत्तम होती. मोहिमेत उत्तम ऐसी ही एकच, म्हणून मुद्दाम लिहिली.

मग गुरूंनी आज्ञा केली की, उघड्या भोकात कापड कोंबावे, म्हणजे कचरा आत जाणार नाही. धाकटे घरात गेले. मशीनशेजारी कापलेल्या कापडांची रास होती, तीतून एक राखाडी, जाडसर, मऊ तुकडा चिंधी समजून उचलिला आणि भोकात अंगठ्याने दाबून बसविला. इतक्यात गुरूंच्या मुखातून साबणाची जाहिरात सुरू जाहली. धाकट्यांनी ती पुढे ढकलिली, आणि ढकलता ढकलता एक वाक्य अधिक ढकलिले. ते वाक्य ऐसे होते की, झाकण लावण्यापूर्वी कापड आठवणीने बाहेर काढावे.

मग धाकटे जेवावयास गेले. परत येऊन पाहतात तो मातोश्री डब्यापाशी प्रसन्न मुद्रेने बसलेल्या. "किती रे पसारा घातला होतास! लहान एकीकडे, मोठे एकीकडे, चकचकीत वेगळे. बघ, आकाराप्रमाणे लावून ठेवले सगळे." मातोश्रींनी वीस वर्षे बटणे ऐसीच लाविली होती, आणि आजवर कोणा बटणाची तक्रार नव्हती. धाकट्यांनी सगळे कप्पे एकवार पाहिले. शेवटी बोलिले, "थँक्यू, आई."

मग अंदाजाने जोडणी जाहली. जो बोल्ट ज्या भोकात शिरेल ते त्याचे वतन, ऐसा कायदा केला. झाकण बसले. एक मध्यम बोल्ट हातात उरला, तो खिशात ठेविला आणि त्याविषयी विचार न करण्याचा हुकूम मनास दिला. मग किक मारिली. फटफट घुरघुरली आणि निवाली. पुन्हा मारिली, पुन्हा निवाली. एकशे सात किका जाहल्या. ताई वरून मोजीत होती, म्हणून आकडा खरा.

सायंकाळी धाकटे वेषांतर करून, म्हणजे टोपी घालून, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले आणि बोलिले की, माझ्या एका मित्राची गाडी आहे, किक मारली की घुरघुरते आणि बंद पडते. मिस्त्रीने हातातला चहा संपविला, धाकट्यांस खालवर न्याहाळिले आणि वदला, "मित्राच्या कपाळावर ऑइल आहे."

"माझ्या नाही, मित्राच्या गाडीचं विचारतोय."

"तेच म्हणतोय. मित्राला म्हणावं, गाडी घेऊन ये. अर्ध्या तासात देतो."

"मित्र येणार नाही," ऐसे बोलून धाकटे माघारी फिरले. कपाळ मात्र वाटेत पुसले नाही, कारण पुसणे म्हणजे कबूल करणे.

रविवार उजाडला. अकरास भंगारवाले आले, हातगाडी फाटकाशी लाविली आणि पायरीवर बसून पाणी मागितले. त्यांनी फटफटीकडे पाहिले, ते पाहणे फार प्रेमळ होते. थोरले हातात घड्याळ घेऊन येरझाऱ्या घालू लागले. धाकटे डब्यावर बसून किक मारणारा पाय चोळीत होते.

इतक्यात घरात आकांत उठला. शाळेच्या हेडमास्तरांचा निरोपसमारंभ त्याच सायंकाळी होता, त्यांचा राखाडी कोट दुपारी एकास पोचता करण्याचा वायदा होता, आणि कोटाची डावी बाही नाहीशी जाहली होती. मातोश्रींनी गाद्या उलटविल्या, कपाट उपसले, ताईची झडती घेतली. शेवटी बाहेर येऊन धाकट्यांस विचारते जाहल्या की, माझी डावी बाही पाहिलीस का, राखाडी? धाकटे किक मारता मारता वदले की, आई, इथे माझी गाडी चाललीय भंगारात, आणि तुझं काय बाही बाही?

मातोश्री माघारी वळल्या आणि तशाच थबकल्या. फटफटीच्या झाकणाच्या फटीतून एक दोरा लोंबत होता. दुसऱ्या कोणास तो दोरा दिसला नसता. मातोश्रींनी तो चिमटीत धरिला, उजेडात पाहिला.

"हा माझा दोरा आहे. एकशे बावीस नंबर."

मग हलकेच ओढिला. दोरा आत ताणला गेला.

"आत काय आहे रे?"

"आतून इंजिनला हवा जाते, आई. हात नको लावूस."

"हवा कुठून जाणार? आत हेडमास्तरांची बाही आहे."

भंगारवाल्यांनी पाण्याचा पेला खाली ठेविला. मग धाकट्यांनी झाकण उतरविले, आणि आतून डावी बाही, श्वास कोंडलेली, पेट्रोलाने भिजलेली, परंतु अंगाने शाबूत, बाहेर काढिली. मातोश्रींनी ती झटकिली, नाकाशी नेली, डोळे मिटले, उघडले. धाकट्यांस वाटले, आता तोफ डागली जाणार. धाकटे घाईने किक मारावयास उठले, तो मातोश्रींनी हात आडवा केला.

"थांब. तेल घातलंस?"

"मी मशीनला तेल दिल्याशिवाय पायसुद्धा लावत नाही," मातोश्री वदल्या. "तू जुनं काढलंस ते मी पाहिलं, आख्ख्या गल्लीने पाहिलं. नवं घालताना कुणी पाहिलं नाही."

तेव्हा धाकट्यांनी ज्या डब्यावर तीन दिवस आसन केले होते त्याकडे पाहिले. डबा सीलबंद होता. ताईने तोंड उघडिले, धाकट्यांचा चेहरा पाहिला, आणि तिच्या कारकिर्दीत प्रथमच काही न बोलता बंद केले. तिने आतून नरसाळे आणून दिले. हा प्रसंग घराण्याच्या इतिहासात अपूर्व असे.

ऑइल पडले. मातोश्री बाही घेऊन मशीनकडे धावल्या. बारास पाच मिनिटे उरली. धाकट्यांनी किक मारिली, मारिली, मारिली. फटफट खोकली, परंतु धरीना. बारा वाजले. भंगारवाले उठून उभे राहिले आणि सौम्यपणे बोलिले, "काका, झाले की बारा."

थोरल्यांनी घड्याळास चावी दिली. चावी देता देता काटा दहा मिनिटे मागे सरकला. जुनी घड्याळे ऐसी सरकतात. याहून अधिक आम्ही लिहीत नाही. "माझ्यात अजून बारा व्हायचेत," थोरले बोलिले, आणि तीन दिवसांत प्रथमच फटफटीजवळ आले. "पेट्रोल जास्त झालंय तिला. चोक बंद कर. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धर. हं. आता जोरात नको, मनापासून मार."

धाकट्यांनी मारिली.

फटफट एकदा शिंकली, दोनदा शिंकली, आणि मग ऐसी गर्जना केली की आरशातील कोळी कबिल्यासह मुलूख सोडून गेला, जिना धुराने भरला, आणि भंगारवाले टाळ्या वाजवू लागले, मग आपला धंदा आठवून थांबले. थोरल्यांच्या घड्याळात अकरा चौपन्न, जगाच्या घड्याळात बारा चार.

एकास पंधरा मिनिटे असता बाही कोटास लागली. कोट पोचविण्यास वाहन कोणते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. धाकटे पुढे बसले. मागे कोट धरावयास कोणी पाहिजे, तेव्हा थोरले डॉक्टरांच्या तहाचे पहिले कलम मोडून मागे बसले, एका हातात हँगर धरिला, आणि दुसरा हात धाकट्यांच्या खांद्यावर ठेविला. मातोश्री ओरडल्या, "कंबर!" थोरल्यांस ऐकू आले नाही. इंजिनाचा आवाज फार होता, आणि थोरले फार मजेत होते.

कोट एकास पोचला. हेडमास्तरांचा समारंभ यथासांग पार पडला. भाषणात सर्व वक्ते पेट्रोलाचा वास चुकवून त्यांच्या उजव्या बाजूस उभे राहिले, आणि हेडमास्तर मेणबत्ती लावू लागले तेव्हा मातोश्रींनी सभेतून दोनदा खूण केली की, उजव्या हाताने.

येणेप्रमाणे फत्ते नोंदविली असे. शत्रूकडील नुकसान, काही नाही, कारण शत्रू कोण हे शेवटपर्यंत निष्पन्न जाहले नाही. आपल्याकडील नुकसान, चपला एक जोड, वर्तमानपत्रे सात, कोळी सहकुटुंब. शिल्लक, मध्यम बोल्ट एक.

सबब फटफटीच्या कारखानदार साहेबांचे सेवेशी अर्ज ऐसा की, सदरहू बोल्ट धाकट्यांच्या खिशात असून त्यावाचून फटफट उत्तम चालते. आपला कारखाना अकरा वर्षांपूर्वी बंद पडला हे अर्जदारास ठाऊक आहे, तरी गेली सव्वीस वर्षे हा बोल्ट गाडीत नेमके काय काम करीत होता, याचा लेखी खुलासा सही-शिक्क्यानिशी आठ दिवसांचे आत पाठवावा, आणि खुलासा येईतोवर फटफटीने कोठे काही गाळू नये, ऐसी तिला आपल्याकडून सक्त ताकीद व्हावी.