बर्फातली कुळथाची पिठी

माणसाने देवळाच्या घंटेला माइक लावावा, कोंबड्याला लावावा, हवं तर सासूलाही लावावा. पण सख्ख्या बापाच्या सदऱ्याला माइक लावायचा तर तो बंद कुठे होतो ते आधी बापाला दाखवावं. वालावलच्या निहारने पहिलं केलं आणि दुसरं विसरला. बाकी सगळं त्यातून झालं.

निहार टीव्हीत होता. म्हणजे टीव्हीत दिसत नव्हता. कुडाळजवळ एका मालिकेचं शूटिंग चालायचं, तिथे तो आवाजाच्या खात्यात. सुनेच्या पदराआड, सासूच्या अंबाड्याखाली नखाएवढा माइक लपवायचा आणि दिवसभर हेडफोन लावून त्यांची रडणी ऐकायची. (नट मंडळी माइक विसरून चहाला जायची आणि दिग्दर्शकाचा उद्धार करायची, तोही याच्याच कानात. या धंद्यात ऐकलेलं पोटात ठेवावं लागतं. निहारचं पोट जरा पुढे आलं होतं ते त्यामुळे, असं तो म्हणे. आईच्या हातच्या वड्यांचा यात काही संबंध नाही.)

त्याचा बाप दत्ताराम, गावच्या सोसायटीचा सचिव. लोक त्याला विचारत, "रे दत्तारामा, तुजो झील टीव्हीत दिसणा नाय तो?"

"दिसणा नाय. तो थंय ऐकता."

"ऐकतंव आमी पण. आमका कोण पगार देणा नाय!"

दत्ताराम हसायचा, पण घरी येऊन आनंदीबाईसमोर, म्हणजे निहारच्या आईसमोर, चप्पल जरा जोरातच काढायचा.

आता दिवसभर रडणी ऐकलेल्या माणसाला संध्याकाळी काय आवडणार? निहारला बिनबोलीचे सिनेमे आवडू लागले. देश कुठलाही असो, पात्रांनी तोंड उघडलं नाही की झालं. असे सिनेमे बघायला तो पणजीला जायचा, आणि परत आला की घरापुढच्या अंगणात, म्हणजे खळ्यात, एकटाच झाडाखाली बसून वारा रेकॉर्ड करायचा. (वाऱ्याचे त्याच्याकडे इतके प्रकार होते की एखाद्या बाईकडे तितक्या साड्या नसतील.) मग त्याच्या डोक्यात आलं, हे सिनेमे गावाला दाखवावे. आपल्याच खळ्यात, पडदा लावून.

नेमकी त्याच दिवसांत सोसायटीत कारकुनाची जागा रिकामी झाली.

"सोमवारी अर्ज घेवन ये," दत्ताराम म्हणाला. "मालिका बंद पडली काय तूय बंद. सोसायटी बंद पडणा नाय."

"बाबानू, माका एकदा सिनेमा दाखवूक देवा. गाव शेवटपर्यंत बसलो, तर तुमी सोसायटीचा नाव काढूचा नाय."

"आणि उठलो तर?"

"तर सोमवारी येतंय."

बापाने लगेच हात पुढे केला. आपला गाव कुठे किती वेळ बसतो हे त्याला तीस वर्षांच्या वार्षिक सभांवरून ठाऊक होतं.

रविवारी बाबली स्पीकरवाला सामान घेऊन आला. दशावतारापासून लग्नापर्यंत गावाचा सगळा आवाज हाच बाबली पुरवतो.

"बॉक्स किती लावू?"

"दोन पुरे. सिनेमात कोण बोलणा नाय."

"मगे बॉक्स कित्याक?"

"वाऱ्यासाठी."

बाबलीने आकाशाकडे पाहिलं, मग निहारकडे. "वाऱ्याक बॉक्स! माका सांगलंस ता सांगलंस, बापाशीक सांगा नको."

गाव जमलं. आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नारळाच्या झाडावरही कोणी चढत नाही, तर सिनेमा कुठला सुरू होतो! गाऱ्हाणं घालायला दत्ताराम. तो हातातला माइक घेतला की तोंडापासून हातभर लांब धरतो, म्हणून निहारने आपला कामावरचा बिनवायरचा माइक त्याच्या सदऱ्याला खोचला आणि त्याची डबी कमरेला अडकवली. सासू-सुनांच्या बाबतीत कधी चुकला नाही, मग इथे काय चुकणार?

"बा देवा लक्ष्मी-नारायणा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं खळं ओरडलं.

"आज जो काय ह्या लेकरान सिनेमा लावल्यान हा, तो गोड मानून घे! काय चुकलामाकला तर पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्येंचो चुलीर भात आसा, ज्येंची गोठ्यात पाडी सुटली आसा, तेंका वेळेर घराक पावव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पैजेतला अर्धा डाव बापाने देवाच्या नावाने खेळून घेतला, आणि तो समाधानाने जेवायला घरात गेला. निहार पडद्याकडे धावला. माइक सदऱ्याला तसाच राहिला.

सिनेमा सुरू झाला. कुठल्याशा थंड मुलखातला एक म्हातारा, एक म्हातारी, एक गाय, आणि बर्फ. म्हातारा बर्फातून चालतोय. अजून चालतोय. बॉक्समधून वारा घोंगावतोय. पहिल्या रांगेत शेजारची काशीबाई. ती म्हणाली, "ह्यो खंय चल्लो तरी खंय? एस्टी चुकली काय तेची?"

मागे खुर्च्या करकरू लागल्या. एकाला भात आठवला, एकाला पाडी. दोघे-तिघे उठून चपला शोधायला लागले. निहारला डोळ्यांपुढे सोसायटीचं कपाट दिसू लागलं, त्याचा हिरवा रंगही दिसला.

तेवढ्यात पडद्यावरचा म्हातारा घरात शिरून चुलीपाशी बसला, म्हातारीने त्याच्यापुढे वाडगा ठेवला, आणि बॉक्समधून खणखणीत आवाज आला,

"आज परत कुळथाची पिठीच काय गो?"

पडद्यावरच्या म्हातारीने मान हलवली.

"गप जेवा. दुपारी बांगडे खाल्लास, तेवा नाय आठवली पिठी?"

मग जो हशा पिकला! काशीबाईने मांडीवर थाप मारली. "मेल्यान मालवणीत केल्यान हा! आणि आवाज बघ, हुबेहूब दत्ताराम! म्हणान तेका माइक लावल्यानी!"

चपला शोधणारे परत बसले. निघून गेलेला एक जण तर धावत परत आला.

निहारला काय झालं ते कळलं. कापडावर घासणाऱ्या माइकची ती खरखर त्याने हजारदा ऐकली होती. तो बाबलीच्या मशीनकडे झेपावला. एक बटण खाली ओढायचं, संपलं. बटणावर बोट ठेवलं, आणि समोर पाहिलं. सगळा गाव पडद्याकडे बघत होता. बटण ओढलं की गाव उठणार, सोमवारी अर्ज. नाही ओढलं तर आईबापांचं घरातलं बोलणं चव्हाट्यावर. परक्या नटांचं त्याने इतकं पोटात ठेवलं होतं; आता सख्ख्यांची पाळी आली तर बोट हलेना.

"ओढ नको," बाबली कानात म्हणाला. "पयल्यांदाच माजो बॉक्स लोक मन लावन ऐकतत."

पडद्यावर म्हातारा वाडग्यात बघत बसला होता. बॉक्समधून आनंदीबाई म्हणाली, "झिलाक कित्याक छळतास? तेका आवाडता ता करूंदे."

"मी छळतंय?"

"छळतास. तेची मालिका लागली काय झोपतास."

"झोपणंय नाय गो." एक भुरका ऐकू आला, मग, "डोळे मिटतंय. तेचा काम दिसणा नाय, मगे बघान काय करू? ऐकतंय. ती सून रडता तेवा हुंदको कसो बारीक येता, बघलंस? तो आमच्या झिलाचो."

खळ्यात कोणी हसलं नाही. निहारचं बोट बटणावर होतं, पण आता ते बटण आहे हेच तो विसरला होता. बाप मालिका लागली की घोरतो म्हणून तो किती वेळा चिडून जेवणावरून उठला होता.

"मगे ती सोसायटी कित्याक?"

"अगो, दिवसभर लोकांचा रडणा कानात घालता. घराक येता तो कानात बोळे घालून बसता. माका भिया वाटता, आपला काय ऐकूक तेका कान उरतले काय?" पाण्याच्या घोटाचा आवाज आला. मग दत्तारामाने सवयीने, जेवता जेवताच, हळू आवाजात देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तेका करूचा ता करूंदे. पण तेका आमच्या जवळ ऱ्हवंदे रे."

आणि सगळं खळं, एक माणूस न चुकता, ओरडलं,

"व्हय म्हाराजा!"

घरात ताट पडलं.

दत्ताराम बाहेर आला, मिशीला पिठी. समोर गाव. त्याने सदऱ्याकडे पाहिलं, मग निहारकडे. दोघांनाही पुष्कळ बोलायचं होतं, पण माइक चालू होता.

"बंद कर मेल्या तो," दत्ताराम पुटपुटला. तेही बॉक्समधून आलं.

"नको, नको!" गाव ओरडलं. "मगे काय झाला ता सांग!"

दत्तारामाने पहिल्यांदाच पडद्याकडे नीट बघितलं. म्हातारी आता नव्हती. म्हातारा गाईजवळ बसला होता, बाहेर बर्फ.

"ह्येचो झील खंय आसा?"

"शहरात," निहार म्हणाला. "येणा नाय."

दत्ताराम खुर्ची ओढून बसला, आणि पुढे एक अक्षर बोलला नाही. गाव वाट बघत राहिलं. आता बोलेल, मग बोलेल. त्या नादात सगळ्यांनी उरलेला सिनेमा मुकाट्याने पाहिला, शेवटच्या वाऱ्यापर्यंत. गाय एकटी उरली तेव्हा काशीबाईने पदराने नाक पुसलं, आणि तो आवाज निहारला कुठल्याही सुनेपेक्षा खरा वाटला.

शेवटी एकही खुर्ची रिकामी नव्हती. पैज निहारची.

दुसऱ्या दिवशी मिठबावहून फोन. "तुमचो तो बोलणारो सिनेमा आमच्याकडे लावा. फुडल्या सोमवारी."

निहार हरखला. "येतंय! तोच आणू की दुसरो?"

"खंयचोय चलात. बापाशीक घेवन ये म्हणजे झाला."

दत्ताराम आढेवेढे घेत राहिला, पण सदऱ्याला इस्त्री त्याने स्वतःच केली. आनंदीबाईही निघाली, पिठी वाढायला कोणी हवं ना! सिनेमा लावायला बाबली होताच. अडचण एकच. सोमवारी सोसायटी बंद कशी ठेवायची? निहारच्या युनिटला नेमकी त्या दिवशी सुट्टी.

"एक दिवस बस," दत्ताराम रिक्षात चढता चढता म्हणाला. "नोकरी नाय हां ती. पैज ती पैज. फकत बस."

निहार बसला. थोड्या वेळाने खताची चौकशी करायला परगावचा एक शेतकरी आला. त्याने खुर्चीकडे पाहिलं.

"सचिव खंय?"

"मिठबावाक. सिनेमात."

"आणि तू कोण?"

"तेंचो झील. मी टीव्हीत असतंय."

शेतकऱ्याने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळहळून म्हणाला, "अरेरे! बापाशीक घेतल्यानी, आणि तुका नाय घेतल्यानी?"