चौऱ्याण्णव गुणांची नायिका

शूर स्त्रीबद्दल आदर असणं हे सुसंस्कृत समाजाचं पहिलं लक्षण आहे, आणि तो आदर योग्य जागी ठेवणं हे दुसरं. सगळ्यांत योग्य जागा म्हणजे पुस्तक. तिथे शूर स्त्री दोन पुठ्ठ्यांच्या आत राहते, जेवायची वेळ झाली की मिटता येते आणि वाचून संपली की कपाटात उभी करता येते. बाहेर मोकळी सोडलेली शूर स्त्री कुठे ठेवायची, हा प्रश्न मात्र अजून कुठल्याच समाजाने सोडवलेला नाही.

त्या वाचनालयाच्या अध्यक्षबाईंना हे सगळं नंतर कळलं. आधी त्यांना फक्त आदर होता.

बाई निवृत्त शाळा तपासनीस. चौतीस वर्षं त्यांनी शाळा तपासल्या. त्या फाटकातून आत शिरल्या की मुख्याध्यापकांच्या घशाला कोरड पडायची, आणि वर्गातली सगळ्यांत द्वाड पोरंसुद्धा हाताची घडी घालून बसायची. निवृत्तीनंतर सगळं थांबलं. कुणाच्या घशाला काही होईना. अशाच एका दुपारी भाचीच्या दप्तरातून एक जाडजूड कादंबरी खाली पडली आणि ती बाईंनी, जप्त करावी म्हणून, उचलली.

त्या कादंबरीत सोळा वर्षांची एक पोर सम्राटाचं राज्य उलथून टाकते. चाळिसाव्या पानावर ती भर दरबारात सम्राटाला तोंडावर 'नाही' म्हणते. बाईंनी चौतीस वर्षांत एकाही वरिष्ठाला 'नाही' म्हटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (हे थट्टेने लिहिलेलं नाही. खरंच आलं.) मग त्यांनी डोळे पुसले आणि पेन काढलं, कारण आनंद झाला की त्याला गुण द्यायचे, ही त्यांची जुनी सवय.

अशा रीतीने 'सबला नायिका वाचक समिती' स्थापन झाली. समितीत बाई अध्यक्ष, दातांचे डॉक्टर उपाध्यक्ष, आणि वकीलबाई व छापखानेवाले हे दोन सदस्य. उद्दिष्ट एकच: किशोरांसाठी लिहिलेल्या, जादूच्या आणि अद्भुताच्या कादंबऱ्यांतल्या नायिका पुरेशा शूर आहेत की नाहीत, हे तपासून पुस्तकावर शिक्का मारणं. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या चार माणसांनी सोळा वर्षांच्या मुलींची पुस्तकं का वाचावीत, असं काही नतद्रष्ट विचारत. त्यांना बाई सांगत, "शौर्याला वय नसतं." (वाचनालयाच्या पायऱ्या चढताना डॉक्टरांना मात्र दोनदा थांबावं लागे.)

गुणांसाठी बाईंनी एक पत्रक केलं. त्यातले मुख्य रकाने असे:

एक. शस्त्र. तलवार पंधरा, धनुष्य दहा, नुसतंच तोंड चार.

दोन. ड्रॅगन. मारल्यास दहा, माणसाळवल्यास पंधरा, स्वतःच ड्रॅगन झाल्यास वीस.

तीन. अन्यायी सत्तेविरुद्ध बंड. उघड वीस, लपूनछपून बारा.

चार. रडणं. तीनदा माफ.

पाच. दोन देखण्या तरुणांपैकी कोणता, हे ठरवताना खर्ची पडलेली पानं. दर शंभर पानांमागे एक गुण वजा.

सहा. परवानगी मागितली का? मागितल्यास दर खेपेला पाच गुण वजा.

सहावा रकाना खास बाईंचा. "जी परवानगी मागते ती कसली नायिका?" असं त्या म्हणत, आणि म्हणताना गळ्यातल्या लाल फितीला लावलेली किल्ली नकळत चाचपत. ती वाचनालयाच्या दाराची एकुलती एक किल्ली. गुण शाईनेच द्यायचे, हाही नियम त्यांचाच. पेन्सिलीने गुण देणाऱ्या शिक्षकांना त्यांनी आयुष्यभर पाण्यात पाहिलं होतं.

आता प्रश्न वाचण्याचा. या कादंबऱ्या सहाशे पानांच्या खाली येत नाहीत, आणि एक संपली की तिच्या पाठोपाठ तिच्या दोन बहिणी येतात. समितीने पहिल्या वर्षी चार पुस्तकं वाचली, दुसऱ्या वर्षी एक, आणि तिसऱ्या वर्षी अनुभव दांडगा झाल्यामुळे वाचायची गरज उरली नाही. तेव्हापासून पुस्तकं मुलगी वाचते आणि प्रत्येकाचा एक पानी सारांश निळ्या फायलीत लावते.

मुलगी म्हणजे वाचनालयाची मदतनीस. वय वर्षं एकोणचाळीस. अकरा वर्षांपूर्वी लागली तेव्हाही ती काही परकरी पोर नव्हती, पण समितीत सगळे तिला मुलगीच म्हणत, त्यामुळे तिला खुर्ची द्यावी लागत नसे. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे, कुठल्या म्हाताऱ्याला मोठ्या टायपातलं लागतं, कुठलं पोर पानं दुमडतं, हे सगळं तिला डोळे मिटून ठाऊक होतं. तिच्याकडे नव्हती फक्त किल्ली.

वाचनालयाची वेळ नऊची. मुलगी पावणेनऊला पायऱ्यांवर हजर. तिच्यामागे वर्तमानपत्र वाचणारे दोन म्हातारे, एखादी लेकुरवाळी, शाळेला सुट्टी असली तर पाच-सात पोरं. बाई यायच्या पावणेदहा ते सव्वाअकरा यांच्या दरम्यान, स्वयंपाकाच्या सवडीने. (पायऱ्यांवर थांबण्याचा सरासरी काळ ब्याण्णव मिनिटं. ही आकडेवारी मुलीने ठेवली होती, समितीने मागवली नव्हती.) कोपऱ्यावर वळल्या की बाईंना ती पायऱ्यांवरची माणसं दिसत, आणि माणसांना बाई. सगळे उठून उभे राहत. खरं सांगायचं तर दिवसभरातला तेवढा एकच क्षण बाईंना जगल्यासारखा वाटे. जगात त्यांची वाट बघणारी तेवढी एकच जागा उरली होती.

म्हणून मुलीने चार वेळा किल्ली मागितली आणि बाईंनी चारही वेळा "बघू" म्हटलं.

पाचव्यांदा मुलीने रीतसर लेखी अर्ज केला. पहिल्या कागदावर मायना आणि विनंती, दुसऱ्यावर कामाचा तपशील. अर्जासाठी वेगळी फाईल नव्हती, म्हणून तिने तो निळ्या फायलीतच लावला. बैठकीच्या दिवशी डॉक्टरांच्या कपातून बशीत चहा सांडला आणि बशीखाली घ्यायला त्यांनी फायलीतला हाताला लागला तो कागद ओढला. तो पहिला कागद होता. उरला तपशील. त्याच्यावर कुणाचं नाव नव्हतं, पण त्यात काही वावगं नव्हतं. सारांशात नावं घालायची नाहीत असं समितीनेच ठरवलं होतं, कारण त्या अद्भुत नावांमध्ये इतकी जोडाक्षरं असत की वाचताना डॉक्टरांची कवळी निसटे.

वकीलबाईंनी तपशील मोठ्याने वाचायला घेतला.

"अकरा वर्षं रोज सकाळी बंद दारासमोर उभी. ऊन असो, पाऊस असो. दाराची किल्ली एका वयस्कर बाईच्या गळ्यात. ती येईल तेव्हा दार उघडायचं. आत साडेतीन हजार ग्रंथ. एकदा पुराचं पाणी आत शिरलं, किल्ली वेळेवर आली नाही, तेव्हा खिडकीची काच फोडून आत उडी घेतली आणि छातीभर पाण्यातून सहाशे ग्रंथ डोक्यावरून माळ्यावर नेले. हाताला सात टाके. काच फोडल्याबद्दल लेखी समज मिळाली. किल्लीसाठी चार वेळा विनंती केली. उत्तर मिळालेलं नाही."

मुलगी कोपऱ्यात कप गोळा करत होती, ती तिथेच थांबली.

"वा!" बाई म्हणाल्या. "वा! सहा वर्षांत अशी नायिका आली नव्हती."

"ती किल्लीवाली म्हातारी काय उतरलीय!" डॉक्टर म्हणाले. "एक शब्द बोलत नाही, पण अंगावर काटा येतो."

"चेटकीणच असणार ती," बाई म्हणाल्या. "पुढच्या भागात कळेल. अशा बाईचं सगळं बळ त्या किल्लीत असतं. किल्ली काढून घेतली की बघा कशी मातीला मिळते ती."

"समज देणारे कोण म्हणायचे?" छापखानेवाल्यांनी विचारलं.

"असतील कुणीतरी मठ्ठ दरबारी," वकीलबाई म्हणाल्या, आणि त्या चौघांना मनापासून चीड आली. (चार वर्षांपूर्वीच्या त्या समजपत्रावर चौघांच्याही सह्या आहेत. समज देऊन झाली की समिती विसरते. लक्षात ठेवायला नोंदवही असते.)

गुण मोजले. ड्रॅगन नव्हता, पण पुराला ड्रॅगन धरावं असं ठरलं. रडणं शून्य, देखणे तरुण शून्य. बेरीज चौऱ्याण्णव झाली. सहाव्या रकान्यात मात्र गाडी अडली. चार विनंत्या, वीस गुण वजा. उरले चौऱ्याहत्तर. बाईंच्या जिवाची घालमेल झाली. नियम त्यांचा आणि नायिकाही आता त्यांचीच. शेवटी त्यांनी तोडगा काढला आणि ठराव सांगितला: 'नायिकेने पाचव्यांदा विनंती करू नये. किल्ली सरळ घ्यावी. घेतल्यास समिती तिचे वीस गुण तिला सन्मानाने परत करील.' चौघांनी शाईने सह्या केल्या.

ठराव नोंदवहीत उतरवायचं काम मुलीचं. तिने वही पुढे ओढली आणि जरा वेळाने मान वर केली.

"बाई, हे असंच लिहू?"

"असंच लिही. आणि ठळक लिही."

"आणि अंमलबजावणी कुणी करायची?"

"अगं, हे काय विचारणं झालं?" बाई हसल्या. "अंमलबजावणी नेहमी कोण करतं? तूच ना?"

त्या संध्याकाळी रोजच्यासारखं बाईंनी कुलूप लावायला किल्ली मुलीकडे दिली, आणि ती परत घ्यायचं विसरून त्या डॉक्टरांशी नायिकेबद्दल बोलत बोलत घरी निघून गेल्या. नायिकेच्या हातावरच्या सात टाक्यांविषयी बोलताना त्यांनी दोनदा डोळे पुसले. गळ्यात फीत नाही, हे त्यांना सकाळी वेणी घालताना कळलं.

बाईंनी उशा झटकल्या, डबे उपसले आणि अर्धी वेणी तशीच ठेवून वाचनालय गाठलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या सव्वानऊला कोपऱ्यावर वळल्या. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. दार सताड उघडं होतं. म्हातारे पंख्याखाली वर्तमानपत्र वाचत होते, पोरं फळ्यांपाशी होती, लेकुरवाळीने मूल सतरंजीवर सोडलं होतं. कुणी उठून उभं राहिलं नाही. बाईंना राग आला असं त्या नंतर सांगत, पण तो राग नव्हता. त्यांना रडू येत होतं.

"दार कुणी उघडलं?"

"मी," मुलगी म्हणाली.

"कुणाच्या परवानगीने?"

मुलीने नोंदवही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. वर बशीचा गोल डाग पडलेला अर्जाचा पहिला कागद ठेवला.

"परवानगी मागितली की पाच गुण जातात, बाई."

दुपारी तातडीची बैठक झाली. वकीलबाईंनी सह्या उलटसुलट तपासल्या आणि त्या खऱ्या असल्याचं खेदाने जाहीर केलं. डॉक्टर मात्र गोंधळले होते.

"पण पात्र तर तेच आहे ना? काल आपण सगळे तिच्या बाजूने होतो."

"काल ती कागदावर होती," बाई म्हणाल्या. "आज ती माझ्या टेबलाशी बसलीय."

फेरतपासणी झाली. पुराला पूर धरण्यात आलं. काच फोडणं हे शौर्यातून काढून नासधुशीत टाकण्यात आलं. बंड, उघड असल्यामुळे, उद्धटपणात मोजलं गेलं. बेरीज अकरा झाली, आणि तेही अक्षर चांगलं म्हणून. कुलूप बदलायचं ठरलं. हे मुलीला सांगायला बाई बाहेर आल्या तेव्हा टेबलावर जुनी किल्ली होती, लाल फीत नीट गुंडाळलेली, आणि शेजारी उद्याच्या परत यायच्या पुस्तकांची यादी. मुलगी नव्हती.

ती आता चपलांच्या एका दुकानात लागली आहे. पहिल्याच दिवशी मालकाने दुकानाची किल्ली तिच्या हातात दिली, असं डॉक्टर सांगतात. (मालकाने आयुष्यात एकही कादंबरी वाचलेली नाही.)

वाचनालयात मदतनीस हवी आहे. 'सबला नायिकांची आवड असणाऱ्यांना प्राधान्य' अशी पाटी लागली आहे. तिघी येऊन गेल्या. तिघींनीही सगळ्यांत आधी विचारलं, किल्ली कुणाकडे असते? बाई म्हणाल्या, "बघू." सध्या दार बाईच उघडतात. नवी किल्ली गळ्यात घालून त्या पावणेनऊलाच येतात, आणि दार न उघडता बराच वेळ पायऱ्यांवर थांबतात, कुणी येतंय का ते बघत.

समितीने धडा घेऊन नियमात एकच दुरुस्ती केली आहे. ती वाचकांच्याही उपयोगाची असल्यामुळे इथे देत आहोत. वर मुलीने नोंदवही उघडून समोर ठेवली तेव्हा तुम्ही मनातल्या मनात तिला गुण दिलेच असतील, आणि सढळ हाताने दिले असतील. तुमचं मन मोठं आहे. फक्त यापुढे गुण पेन्सिलीने द्यावेत. उद्या तुमच्या घरात किंवा कचेरीत कुणी किल्ली मागितली, तर खोडायला सोपं जातं.