हवापालटाला गेलेल्या फळ्या

लोक नातेवाइकांना फराळाचे डबे पाठवतात. आमच्या शेजारचे भामरे अण्णा फळ्या पाठवत. वीतभराची एक फळी निफाडच्या साडूकडे, थंडीसाठी. एक इगतपुरीच्या भाच्याकडे, पावसासाठी. एक मालेगावच्या बहिणीकडे, उन्हासाठी. सोबत चिठ्ठी असे : 'उघड्यावर ठेवणे. घरात घेऊ नये.'

दर रविवारी अण्णा तिघांना फोन करत. एकदा मी समोर असताना मालेगावची बहीण फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलली की मलाही ऐकू आलं, "भाऊ, फळी बरी शे. मी कशी शे, ते बी ईचार."

अण्णांनी वहीत लिहिलं, 'मालेगाव : बरी.' ही नोंद फळीच्या खात्यात.

अण्णा मनमाडला रेल्वेत तपासनीस होते. निवृत्त होऊन त्यांनी नाशकात बंगला बांधला, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. आता त्यांनी स्वयंपाकघरामागची गच्ची हातात घेतली होती. तिथली फरशी उन्हाळ्यात तव्यासारखी तापे आणि पावसाळ्यात शेवाळानं निसरडी होई. सागवान लावावं तर वाळवीची भीती. नेमक्या त्याच सुमारास लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेल्या फळ्या नाशकात आल्या आणि अण्णांना निवृत्तीनंतरची नोकरी लागली.

द्वारकेजवळच्या दुकानदारानं बिचाऱ्यानं सांगितलं, "काका, दहा वर्षं काही होत नाही."

"दहा वर्षं झाली का तुमच्या दुकानाला?"

"दीड झालं."

"मग तुम्हाला कोणी सांगितलं?" असं म्हणून अण्णांनी सहा नमुने पिशवीत टाकले.

"नमुना बोलतो, दुकानदार बडबडतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते नमुन्यांना बोलतं करत. एकाला कुकरमध्ये तीन शिट्ट्या दिल्या. एक फ्रीजरमध्ये मटारांशेजारी महिनाभर राहिला. त्यांच्या पत्नी सुशीलाकाकू मला म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मला कधी विचारलं नाही, 'अगं, तुला थंडी वाजते का?' म्हणून. फळीला रोज फ्रीज उघडून बघतात." माझं वजन जास्त म्हणून मलाही तपासणीत घेतलं होतं. दोन विटांवर फळी ठेवून अण्णा म्हणत, "उडी मारा. संकोच करू नका."

अशी दोन वर्षं गेली. कॉलनीत दोन लग्नं जमली, एक मोडलं, पण फळी ठरेना. अखेर दोनच रंग उरले : सागवानासारखा गडद आणि एक पिठूळ, फिकट. काकूंना गडद हवा होता. आम्हा सगळ्यांनाही. फिकट रंग कोणालाच आवडला नाही.

मे महिन्यात एका दुपारी एक वाजता मी त्यांची शिडी परत द्यायला गेलो. अण्णा गच्चीवर अनवाणी उभे होते. डाव्या पायाखाली गडद फळी, उजव्याखाली फिकट. हातात घड्याळ, चेहरा घामानं निथळलेला.

"अण्णा, आता हे मात्र फार झालं," मी म्हणालो. "चपला घालून चालणार ना घरातले?"

ते खाली उतरले. डावा तळवा लालबुंद झाला होता.

"ही विसरते चपला," ते हळूच म्हणाले. "साखरेमुळे तिच्या पायांना काही कळत नाही आताशा. मागे एकदा कुरडया वाळत घालायला इथे आली, तासभर वावरली. संध्याकाळी मोजा काढला, तर तळव्याला फोड. तिला पत्ताच नव्हता. दीड महिना ड्रेसिंग केलं."

मी शिडी भिंतीला टेकवून ठेवली.

"तिला चटका कळत नाही, म्हणून मी उभा राहून बघतो. गडद फार तापते. पण हे तिच्यापुढे बोलू नका. आपल्यामुळे घरात अडचण होते असं वाटलं, तर ती गच्चीवर यायचंच सोडून देईल."

पावसाआधी फिकट फळ्या बसल्या, वर हिरवी जाळीही आली. काकू दारात उभ्या राहून बघत राहिल्या.

"हा काय ताकासारखा रंग आणलात? गडद ठरला होता ना?"

"दुकानात गडद संपला होता," अण्णा म्हणाले आणि झाडू शोधायला लागले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांबरोबर दुकानात मीच गेलो होतो. गडद फळ्यांची छतापर्यंत थप्पी होती.

"संपलाच होता काकू," मी म्हणालो. "शेवटच्या आमच्यासमोर गेल्या."